पोलीस नसलेला चौक

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं राजे येतात, लढाया येतात, तह येतात. वाहतूक कोंडी काही येत नाही. आज मी ज्या गाण्याविषयी बोलणार आहे, त्याचा विषय मात्र वाहतूक कोंडी हाच आहे. आफ्रिकेतल्या एका मोठ्या शहरातला एक चौक, त्यात अडकलेल्या गाड्या आणि त्या सोडवायला कुणीच नाही, एवढाच त्याचा प्रसंग. पण नव्यानं स्वतंत्र झालेल्या एका देशाचं काय बिघडलं, हे समजून घ्यायला मला हे गाणं जितकं उपयोगी पडलं, तितके अनेक जाडजूड ग्रंथही पडले नाहीत.

गाण्याचं नाव ‘कन्फ्यूजन’. वर्ष १९७५. गायक, संगीतकार आणि वादक फेला कुटी. शहर नायजेरियातलं लागोस. गाणं जवळपास पंचवीस मिनिटांचं आहे. त्या काळच्या मोठ्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना मिळून हे एकच गाणं होतं. एक बाजू संपली की तबकडी उलटायची आणि पुढं ऐकायचं. लागोसच्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाला गाणं लांब आहे अशी तक्रार करता आली नसती, कारण तो त्याहून कितीतरी जास्त वेळ एका जागी बसून असायचा!

आधी तो चौक पाहू. त्याचं नाव ओजुएलेग्बा. सुरुलेरे, याबा, मुशिन अशा दाट वस्तीच्या भागांकडून येणारे रस्ते इथं किंवा याच्या आसपास एकमेकांना भेटतात. हे नाव योरुबा भाषेतलं आहे. त्याचा अर्थ एलेग्बाचं ठाणं, एलेग्बाचं देवस्थान. एलेग्बा किंवा एशू हा योरुबा लोकांचा चौरस्त्यांचा देव. माणसांचे निरोप देवांपर्यंत पोचवणारा, पण मोठा खोडकर. त्याची एक लोककथा प्रसिद्ध आहे. दोन जिवलग मित्रांची शेतं शेजारी शेजारी होती. एशू दोन रंगांची टोपी घालून बांधावरून चालत गेला. एका मित्राला टोपीचा एक रंग दिसला, दुसऱ्याला दुसरा. संध्याकाळी टोपीच्या रंगावरून दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटत होता. अशा देवाच्या चौकात मोटारी आणि बसगाड्या शिरल्या, तर गोंधळ होणार नाही तर काय!

पण हा गोंधळ देवानं घातलेला नव्हता. त्यासाठी लागोसची घडण थोडी समजून घ्यायला हवी. हे शहर खाडीच्या पाण्यात पसरलेलं आहे. इंग्रजांच्या काळात कचेऱ्या, पेढ्या, बंदराचा कारभार हे सगळं प्रामुख्यानं लागोस बेटावर एकवटलं. कष्टकरी आणि कारकून मंडळी मात्र वाढत्या संख्येनं पलीकडं, मुख्य भूमीवर राहू लागली. म्हणजे सकाळी सगळ्यांनी पूल ओलांडून बेटावर जायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी परत यायचं. पूल मोजके. १९६० साली नायजेरिया स्वतंत्र झाला आणि लागोस राजधानी राहिलं, ते थेट १९९१ पर्यंत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं या शहराकडं येत राहिली.

त्यानंतर १९६७ ते १९७० या काळात देशानं भीषण यादवी युद्ध पाहिलं. युद्ध संपलं आणि थोड्याच वर्षांत तेलाचे भाव भडकले. नायजेरियाकडं तेल होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा अक्षरशः ओतला जाऊ लागला. याच काळात बदलांची अशी रांग लागली की सामान्य माणसाला दम घ्यायला उसंत मिळेना. २ एप्रिल १९७२ रोजी देशानं रस्त्याची बाजू बदलली. तोवर इंग्रजी पद्धतीनं डावीकडून चालणारी वाहनं त्या दिवसापासून उजवीकडून चालू लागली. १ जानेवारी १९७३ रोजी पौंड जाऊन नायरा हे नवं चलन आलं. १९७४ च्या अखेरीस उडोजी आयोगाच्या शिफारशींनुसार सरकारी नोकरांचे पगार घसघशीत वाढले, वर मागची थकबाकीही हातात पडली. अनेकांनी त्यातून पहिली मोटार घेतली. मोटारी आल्या, रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

याच काळातली सिमेंटची गोष्ट तर नायजेरियात दंतकथेसारखी सांगितली जाते. लष्करी सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांनी मिळून जवळपास २ कोटी टन सिमेंट परदेशातून मागवलं. लागोस बंदराची सिमेंट उतरवून घेण्याची ताकद वर्षाला सुमारे १० लाख टनांची. १९७५ मध्ये शेकडो जहाजं बंदराबाहेर ताटकळत उभी राहिली. त्यांचं विलंब शुल्क सरकार भरत राहिलं आणि दमट हवेत पोत्यांतलं सिमेंट खराब होत राहिलं. लागोसकर वाहतूक कोंडीला ‘गो-स्लो’ म्हणतात. त्या वर्षी समुद्रातही गो-स्लो लागला होता, असं म्हणायला हरकत नाही.

आता या रस्त्यांवर कोणती वाहनं होती ते पाहा. जुन्या काळी लाकडी सांगाड्याच्या मालमोटारींतून माणसं वाहून नेत. त्यांना योरुबात ‘बोलेकाजा’ म्हणत. अर्थ असा, की उतर खाली, दोन हात होऊन जाऊ दे! प्रवाशांवरून गाडीवाल्यांत जी भांडणं होत, त्यांवरून हे नाव पडलं. पुढं ‘डान्फो’ आल्या. फोक्सवॅगनच्या छोट्या व्हॅन, पिवळ्या रंगाच्या आणि त्यावर काळे पट्टे. आणि आल्या ‘मोलुए’. मर्सिडीजच्या मालमोटारीच्या सांगाड्यावर लागोसच्याच कारागिरांनी पत्रा ठोकून बनवलेल्या या मोठ्या बसगाड्या. दाराला लोंबकळणारा कंडक्टर थांब्यांची नावं ओरडतोय, ज्याला उतरायचंय तो आतून ‘ओ वा!’ अशी हाळी देतोय, मधल्या वाटेत कुणी औषधं विकतोय, कुणी प्रवचन देतोय, आणि खचाखच भरलेल्या त्या डब्यात घामानं निथळणारी माणसं उभी आहेत. गाड्यांवर सुभाषितं रंगवलेली असत. त्यांतलं एक फार लोकप्रिय होतं. कुठलीच स्थिती कायमची नसते, असा त्याचा अर्थ. कोंडीत अडकलेल्या माणसाला तेवढाच दिलासा!

हे सगळं पाहणारा फेला कुटी १५ ऑक्टोबर १९३८ रोजी लागोसच्या उत्तरेला असलेल्या आबेओकुटा गावी जन्मला. वडील धर्मगुरू आणि शाळेचे मुख्याध्यापक. आई फुन्मिलायो रॅन्सम-कुटी ही त्या देशातली मोठी लढवय्यी बाई. १९४० च्या दशकात बाजारात बसणाऱ्या हजारो बायकांना संघटित करून तिनं अन्याय्य करांविरुद्ध असं आंदोलन उभारलं, की १९४९ मध्ये तिथल्या राजाला काही काळ गादी सोडून जावं लागलं. मोटार चालवणाऱ्या नायजेरियातल्या पहिल्या बायकांमध्ये तिची गणना होते. रस्ता आणि राजसत्ता हे दोन्ही विषय फेलाला घरातूनच मिळाले, असं मला वाटतं.

फेला १९५८ मध्ये लंडनला गेला. घरच्यांना वाटत होतं डॉक्टर होईल, हा संगीत शिकून परत आला. १९६९ मध्ये अमेरिकेत गेला असताना तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी त्याची ओळख झाली आणि गाण्याची दिशाच बदलली. पश्चिम आफ्रिकेतलं हायलाइफ, अमेरिकन जाझ आणि फंक, योरुबा ताल यांच्या मिश्रणातून त्यानं जे संगीत घडवलं त्याला ‘अ‍ॅफ्रोबीट’ म्हणतात. त्यात टोनी अ‍ॅलन या ड्रमवादकाचा वाटा फार मोठा. आणि भाषा? नायजेरियात शेकडो भाषा आहेत. फेलाची मातृभाषा योरुबा, पण तो बहुतेक गाणी पिजिनमध्ये म्हणू लागला. शब्द बरेचसे इंग्रजी, पण व्याकरण आणि ठसका आफ्रिकी, अशी ही बाजारातली, बसमधली, धक्क्यावरची बोली. ती हौसाला कळे, इग्बोला कळे, योरुबालाही कळे. चौकातल्या गाण्याला चौकातलीच भाषा हवी होती.

वाहतुकीवर त्यानं पहिलं लक्षात राहणारं गाणं केलं ते १९७२ मध्ये. त्याचं नावच ‘गो स्लो’. त्यात माणूस कोंडीत सापडला आहे. पुढं मोठी गाडी, मागं मोठी गाडी, दोन्ही बाजूंना वाहनं आणि डोक्यावरही वाट मोकळी नाही. आपण रस्त्यावर नसून कोठडीत आहोत असं त्याला वाटू लागतं. ही एकट्या माणसाची घुसमट झाली. तीन वर्षांनी आलेल्या ‘कन्फ्यूजन’मध्ये फेला एका माणसाच्या गाडीतून बाहेर पडतो आणि सबंध चौक पाहतो.

गाणं सुरू होतं ते ताल नसल्यासारखं. फेला इलेक्ट्रिक पियानोवर काहीतरी चाचपडत असतो, टोनी अ‍ॅलनचे ड्रम मधूनच गडगडतात. कुणी कुणाच्या मागं जात नाही. काही मिनिटं असं वाटतं की वादक अजून ठरवतायत. मग हळूच बास गिटारची एक ओळ येते, तिला धरून दुसरी वाद्यं येतात, आणि पाहता पाहता वीसेक माणसांचा ताफा एका लयीत चालू लागतो. शब्द यायला बराच वेळ लागतो. येतात तेव्हा थट्टेच्या सुरात येतात. लागोसमध्ये जो गाडी चालवू शकतो त्याला विद्यापीठाच्या मोठमोठ्या पदव्याच द्यायला हव्यात, अशी ती थट्टा. मग ओजुएलेग्बाचं चित्र येतं. चारी बाजूंनी वाहनं येतात, प्रत्येकाला पुढं जायचं आहे, आणि मधोमध जिथं वाहतूक पोलीस असायला हवा तिथं कुणीच नाही.

या गाण्यात दुसरंही एक दृश्य आहे. रस्त्याच्या कडेला तीन विक्रेते बसले आहेत. एक लागोसचा, एक आक्राचा, एक कोनाक्रीचा. एक गोरा गिऱ्हाईक येतो आणि तिघांना मिळून पौंड, डॉलर आणि फ्रेंच पैशांत किंमत देतो. आता वाटणी करा! भाषा तीन, चलनं तीन. वरवर पाहता या प्रसंगाचा वाहतुकीशी संबंध नाही. पण थोडं थांबून ऐकलं की लक्षात येतं, की इंग्रजांच्या आणि फ्रेंचांच्या वसाहती होऊन विभागला गेलेला पश्चिम आफ्रिका हादेखील एक चौकच आहे. शेजाऱ्याला शेजाऱ्याशी व्यवहार करायचा तर मध्ये परक्याची भाषा आणि परक्याचा पैसा. नायजेरियात पौंड जाऊन नायरा येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, हे ध्यानात घेतलं की विनोदाची धार कळते.

माझ्या मते या गाण्याचं मर्म त्या नसलेल्या पोलिसात आहे. फेला चालकांना दोष देत नाही. माणसं अडाणी आहेत, बेशिस्त आहेत, असं तो म्हणत नाही. जो तो आपल्या कामाला निघाला आहे आणि त्याला वेळेवर पोचायचं आहे. मध्ये उभं राहून ‘आधी तू, मग तू’ म्हणणारा कुणी नसेल, तर भली माणसंही एकमेकांची वाट अडवतात. एशूच्या टोपीसारखंच हे. सरकार कशासाठी असतं, या प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर मला दुसरीकडं सापडलं नाही. ते चौकात उभं राहण्यासाठी असतं.

आणि ते उभं राहिलं, पण कसं? १९७७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लागोसमध्ये ‘फेस्टॅक’ हा कृष्णवर्णीय कलांचा भव्य जागतिक महोत्सव भरला. पाहुण्यांसमोर कोंडी दिसायला नको होती. त्या काळात रस्त्यांवर लष्कराचे जवान आणले गेले. नियम मोडणाऱ्या चालकांना ते भर रस्त्यात चाबकानं फोडून काढत. गाड्यांच्या क्रमांकांनुसार सम-विषम दिवस ठरवण्याची योजनाही त्याच वर्षी आली. ज्यांच्याकडं पैसा होता त्यांनी दुसऱ्या क्रमांकाची आणखी एक गाडी घेऊन टाकली!

फेलानं आदल्याच वर्षी ‘झोंबी’ नावाच्या गाण्यात हुकमाशिवाय न हलणाऱ्या सैनिकांची टर उडवली होती. त्याचं घर ओजुएलेग्बापासून जवळच, आगेगे मोटर रोडवर होतं. त्या घराला तो ‘कलाकुटा प्रजासत्ताक’ म्हणायचा. १९७४ मध्ये ज्या कोठडीत तो होता तिचं हे नाव, आणि ते मुळात आपल्या कलकत्त्यावरून आलेलं असल्याचं सांगतात. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी शेकडो सैनिकांनी, बहुतेक वर्णनांनुसार सुमारे एक हजार जणांनी, या घराला वेढा घातला. निमित्त झालं ते रस्त्यावर फेलाची माणसं आणि सैनिक यांच्यात वाहतुकीवरून उडालेल्या खटक्याचं, असं सांगितलं जातं. घरातल्या स्त्री-पुरुषांना अमानुष मारहाण झाली. वाद्यं, ध्वनिफिती, फेलाच्या डॉक्टर भावाचा मोफत दवाखाना, सगळं जळालं. सत्तरी ओलांडलेल्या आईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकण्यात आलं. ती त्यातून सावरली नाही. १३ एप्रिल १९७८ रोजी ती गेली.

चौकशी झाली. आग कुणी लावली? तर एका ‘अज्ञात सैनिकानं’. भरपाई मिळाली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या गाण्यात चौकातला पोलीस गैरहजर होता. आता हजार सैनिक हजर होते, तर जबाबदारी घ्यायला त्यांतला एकही सापडेना. हे वाचलं की ‘कन्फ्यूजन’ ऐकताना हसू येत नाही.

१९७८ मध्ये आलेल्या ‘शफरिंग अँड श्मायलिंग’ या गाण्यात फेला मोलुए बसच्या आत शिरला. बसायला मिळालेल्यांच्या दुपटीनं माणसं उभी आहेत, गुदमरतायत, दमून घरी पोचतायत, उद्या पुन्हा तेच. आणि धर्मगुरू त्यांना परलोकातलं सुख सांगतायत, स्वतः मात्र इथंच सुखात आहेत. दुःख सोसायचं आणि वर हसायचं, या सवयीवर फेलाचा राग आहे. इथं मला त्याच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. खचाखच भरलेल्या बसमध्ये अनोळखी माणसाशी हसून दोन शब्द बोलणं ही प्रत्येक वेळी लाचारी नसते. कधी कधी ती एवढीच एक माणुसकी हातात उरलेली असते. फेला काही संत नव्हता. बायकांविषयीची त्याची मतं आणि वागणूक यांवर रास्त टीका झाली आहे. पण बसमधल्या माणसाकडं त्यानं कधी वरून पाहिलं नाही, हे त्याचं ऋण मान्य करायला हवं.

पुढची गोष्ट मोठी बोलकी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लागोसमध्ये मेट्रो रेल्वेची योजना आखली गेली. १९८३ च्या अखेरीस पुन्हा लष्करी राजवट आली आणि १९८५ मध्ये तिनं ती योजना गुंडाळली. याच राजवटीनं १९८४ मध्ये फेलाला विमानतळावर अटक केली. गुन्हा कोणता? १६०० पौंड परकीय चलन बाळगल्याचा. तीन चलनांचा गोंधळ गाणाऱ्या माणसाला चलनाच्याच कायद्यात अडकवलं आणि पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. तो १९८६ मध्ये सुटला. २ ऑगस्ट १९९७ रोजी फेला वारला, तेव्हा अंत्यदर्शनाला लाखोंची गर्दी लोटली आणि अंत्ययात्रेनं लागोसचे रस्ते भरून गेले. त्या गो-स्लोबद्दल कुणी तक्रार केली नसावी.

त्यानंतर शहरानं बरंच काही करून पाहिलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मार्वा नावाच्या लष्करी प्रशासकानं तीनचाकी रिक्षा आणल्या, म्हणून लोक त्यांना ‘केके मार्वा’ म्हणू लागले. नायजेरियातल्या रिक्षांत आणि भाड्यानं माणसं नेणाऱ्या ‘ओकाडा’ मोटरसायकलींत आपल्या पुण्याच्या बजाजची वाहनं फार मोठ्या संख्येनं आहेत. २००० मध्ये राज्य सरकारनं वाहतूक नियंत्रणासाठी वेगळं दल उभारलं. २००८ मध्ये बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका आल्या. २०२० मध्ये शहराच्या मोठ्या भागांत ओकाडा आणि केके यांवर बंदी आली, आणि पुरेशा बसगाड्या नसताना माणसं पायी चालत कामाला गेली. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये मेट्रो रेल्वेचा पहिला मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. म्हणजे योजना रद्द झाली त्यानंतर अडतीस वर्षांनी. या अडतीस वर्षांत एका पिढीनं नोकरी धरली, केली आणि निवृत्तीही घेतली, आणि रोजचे कित्येक तास रस्त्यावर घालवले. ते तास कुठल्या हिशेबात धरायचे?

हा हिशेब कुठल्याच दप्तरात लिहिला जात नाही. लढाईत किती मेले हे इतिहास सांगतो, वाट पाहण्यात किती आयुष्य गेलं हे सांगत नाही. ते सांगायला ‘कन्फ्यूजन’सारखी गाणी लागतात. २०१४ मध्ये विझकिड या सुरुलेरेतच वाढलेल्या तरुण गायकानं ‘ओजुएलेग्बा’ याच नावाचं गाणं केलं आणि ते जगभर गाजलं. त्यात राग नाही. याच भागात हालात काढलेल्या दिवसांची आठवण आणि आपण तिथून निघून कुठवर आलो याची कृतज्ञता आहे. एकाच चौकावर चाळीस वर्षांच्या अंतरानं झालेली ही दोन गाणी जमलं तर पाठोपाठ ऐका. एकानं विचारलं, इथं उभं राहायला हवं होतं ते कुठं आहेत? दुसऱ्यानं सांगितलं, ते आले नाहीत तरी आम्ही पार झालो. दोघांचंही खरं आहे. टोपीला दोन रंग आहेत.